धाकू गुरवाचा अंगठा

रामकृष्णहरी! बसा, बसा. मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी आपापले पाय आवरा — आणि ज्यांना झोप येणार आहे त्यांनी खांबाला टेकून बसा, म्हणजे मला दिसणार नाही!

शपथ घेऊन सांगते, मंडळी! या वीणेची शपथ, या समईची शपथ, माझ्या तोंडात उरलेल्या दोन दातांची शपथ — आज जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा! हसताय? हे पेटीवाले बघा, हेही हसताहेत! गेल्या वर्षी मी सुसरीच्या पाठीवर बसून खाडी ओलांडणाऱ्या साधूचं आख्यान लावलं होतं ना, तेव्हापासून यांचा माझ्यावरचा विश्वास उडालाय. अहो, सुसर जरा लहान होती, एवढंच! पण आजचं तसं नाही. आजचं खरं. खोटं निघालं तर उद्या मला या व्यासपीठावर चढू देऊ नका.

आधी एक प्रश्न विचारते. तुमच्या घरात, भावकीत, गावात कुणी म्हणतं ना — "आमची काही हरकत नव्हती हो, पण देवाचं मन नव्हतं!" म्हणतं की नाही? मग मला सांगा — देव जेव्हा 'नाही' म्हणतो, तेव्हा ते 'नाही' नक्की कुणाचं असतं?

थांबा! लगेच माना डोलवू नका. अजून तुम्हाला उत्तर ठाऊक नाही. मलाही पुरतं नाही.

मंडळी, ऐका.

कोकणात एक गाव — करंजकोंड. एका अंगाला काळा कातळ, सडा म्हणतात त्याला, चैत्रात असा तापतो की वर भाकरी टाकावी आणि उलटायला यावं! दुसऱ्या अंगाला उतार, उतारावर पोफळी, आणि पोफळीतून वाहणारा गार पाण्याचा पऱ्या. पऱ्या म्हणजे ओढा हो. गावाची देवी कातळाई. देऊळ केवढं? या मांडवात तीन मावतील. आत काळोख. देवीच्या डाव्या हाताला भिंतीत एक लहानशी खिडकी, खिडकीला माडाच्या झावळ्यांचा विणलेला झाप. तो झाप ध्यानात ठेवा हं! मी उगाच खिडक्या-दारं सांगत बसणारी बाई नाही.

आणि देवीचा गुरव — धाकू. अंगाने इतका बारीक, की धाकूने धोतर नेसलंय की धोतराने धाकू, कळू नये! बायको वारलेली. एकुलती एक मुलगी आवडी, ती तीन कोसांवर खारवणला दिलेली. घरात बोलायला भिंती. मग हा बोलायचा कुणाशी?

देवीशी!

सकाळी अंघोळ घालताना सुरू. "आई, पाणी कोमट आणलंय हां."

आणि उत्तरही हाच द्यायचा, आवाज बारीक करून — "कोमट? मेल्या, कढत आहे! सोलून काढतोस की काय मला?"

"जरा सोसा. थंडी हाय."

"मला दगडाला कसली थंडी! तुला वाजते म्हण की!"

बाहेर पायरीवर बायका ऐकायच्या आणि पदर सावरून हात जोडायच्या. आवडी तर लहानपणी दाराशी बसून खुदुखुदु हसायची, आणि मग शाळूसोबतिणींना ऐटीत सांगायची — "आमच्या आबांशी देवी बोलते!" मंडळी, हे वाक्यही ध्यानात ठेवा. हसण्यासारखं आहे. आत्ता हसून घ्या.

आता कौल. तुमच्याकडे घाटावर ही रीत नाही, म्हणून सांगते. गावात काही अडलं, की देवीला विचारायचं. दाराशी तगरीचं झाड, बारा महिने फुलणारं. गुरवाने दोन पाकळ्या घ्यायच्या, पाण्यात बुडवायच्या, एक देवीच्या उजव्या खांद्यावर चिकटवायची, एक डाव्या. पाणी सुकलं की पाकळी पडते. उजवी आधी पडली — देवी 'हो' म्हणाली. डावी आधी पडली — 'नाही'. झालं! लग्न ठरायचं, मोडायचं, वाटण्या व्हायच्या, सगळं दोन पाकळ्यांवर.

धाकूचा बाप वारला तेव्हा धाकू विशीचा. पहिलाच कौल. कमळी नावाची पोर आली. नवरा गलबतावर गेलेला, पावसाळा उलटला तरी पत्ता नाही. तीन दिवस पोटात अन्नाचा कण नाही. म्हणाली, "विचारा, जिवंत हायत काय."

धाकूने पाकळ्या लावल्या. आणि लावताना — बघा हं, असा — डाव्या पाकळीवर त्याचा अंगठा जरा जास्त दाबला गेला. थोडं पाणी जास्त. मुद्दाम? त्यालाही कळलं नाही! डावी बसली घट्ट. उजवी पडली. कमळी ओक्साबोक्शी रडली आणि तिथेच पायरीवर बसून प्रसादाचा नारळ तिने अख्खा खाल्ला. अख्खा! आणि सव्वा महिन्याने नवरा आला — खांद्यावर पोपट घेऊन! आणि तो पोपट शिव्या द्यायचा, त्याही परमुलखातल्या! पोपटही खरा हो, काय फिदीफिदी हसताय!

पण त्या दिवशी धाकू हादरला. कमळी गेल्यावर देवीपुढे नाक घासलं. "आई, माझा अंगठा लागला गं."

मग बारीक आवाजात स्वतःच म्हणाला, "ती जेवली ना?"

"जेवली."

"मग ऊठ, दिवा लाव."

तेव्हापासून तीस वर्षं, मंडळी, तीस वर्षं कातळाईचा कौल धाकूच्या अंगठ्यात होता. पैशासाठी? छे! एक दमडी नाही. कुणी पन्नाशीचा बाप्या अकरा वर्षांची पोर मागायला आला — डावी पाकळी खाली! सुनेला माहेरी हाकलायचं आहे, देवीला विचारा — डावी खाली! गावचे खोत, नारोपंत, एकदा विचारायला आले, की खालच्या वाडीला पऱ्यावरचं पाणी बंद करावं काय. टप्पकन डावी खाली! पाणी सुकायला वेळच दिला नाही!

खोत काही दुधखुळे नव्हते. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "धाकू, तुझी देवी नेहमी दुबळ्याच्याच बाजूने कशी रे बोलते?"

"आई हाय ती, खोत."

"हं," खोत म्हणाले. आणि त्याच्या अंगठ्याकडे बघत बघत गेले.

इथवर गोड आहे, मंडळी. टाळ वाजवायचे असतील तर आत्ताच वाजवून घ्या. पुढे वाजवावेसे वाटणार नाहीत.

एका चैत्रात पटकी आली. आता तुम्ही कॉलरा म्हणता. खाडीकाठाने आली, खारवणमध्ये शिरली, आणि आठ दिवसांत तिथे रडायलाही माणूस उरेना. करंजकोंडाने शिवेवर फेसाटी घातली, काट्यांचं कुंपण हो. करवंदीची, बोरीची, छातीएवढी. पलीकडचा माणूस आत नाही, आतली वस्तू पलीकडे नाही. राखणीला दोन गडी, हातात दांडके.

आणि एका दुपारी, उन्हाच्या ऐन तडाख्यात, फेसाटीच्या पलीकडे येऊन उभी राहिली — आवडी. कडेवर नऊ महिन्यांची पोर. धाकूची आवडी, मंडळी!

धाकू धावत आला, मागोमाग खोतही. "आवडे! एकटी? जावई कुठाय?"

"ते गेले, आबा. सासूबाई गेल्या. भावोजी गेले. घरात मी आणि ही इठी."

"तुला काय होतंय? उलटी? जुलाब?"

"काही नाही. इठी पण बरी आहे, अंगावर पिते ती." मग ओठांवरून जीभ फिरवली. "तहान लागलीय, आबा. वाटेत कुठे प्याले नाही. तुम्ही सांगून ठेवलं होतंत ना, तिकडच्या पाण्याला तोंड लावू नको म्हणून."

ऐकलंत? तीन कोस, चैत्राचं ऊन, कडेवर पोर — आणि बापाचं ऐकून प्याली नाही! समोर फेसाटीच्या आत पऱ्या वाहतोय, त्याचा आवाज तिला ऐकू येतोय. आणि तिच्या बाजूला? एक डबकं. खारवणची माणसं आजाऱ्यांचे कपडे ज्यात धुवून गेली ते डबकं.

धाकू वळला खोतांकडे. "खोत, माझा मांगर आहे रानाच्या कडेला, गोठ्याची खोपी. तिथे ठेवतो. मी बरोबर राहतो. पंधरा दिवस दोघंही गावात पाय टाकणार नाही. पण तिला आत घ्या."

आता खोतांना शिव्या देऊ नका लगेच! त्यांच्या घरात पाच नातवंडं होती. भीती काही खोटी नव्हती. तुमच्या दारात पटकी उभी राहिली असती तर तुम्ही आरती ओवाळली असती काय? खोत म्हणाले, "हा माझा एकट्याचा निर्णय नाही. देवीला विचारू. कौल लाव."

धाकूच्या जिवात जीव आला! कौल? कौल तर त्याच्या हातातला! वळून ओरडला, "आवडे, थांब! आईला विचारून आलो!"

"विचारा, आबा!" तीही हसली. "तुमच्याशी तर ती बोलते!"

गेले सगळे देवळात. चाळीस माणसं. आत कडुनिंबाचा पाला जळत होता, रोग पळावा म्हणून. धूर कोंडलेला. लोक खोकायला लागले, तसा कुणीतरी उठून खिडकीचा झाप वर केला. धूर गेला. वारा आला. कुणी पाहिलं नाही. धाकूनेही नाही.

धाकूने तगरीच्या दोन पाकळ्या घेतल्या, पाण्यात बुडवल्या. आणि मागून खोत म्हणाले — मोठ्याने नाही, हळूच — "धाकू, आज लेकीचं काम आहे. अंगठा जपून."

संपलं.

चाळीस जोड्या डोळे त्याच्या हातावर. धाकूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तीस वर्षं परक्यांसाठी दाबलेला अंगठा — आणि आज पोटच्या पोरीसाठी दाबायचा? उद्या म्हणतील, गुरवाने लेकीसाठी देवी विकली! मागचे सगळे कौल खोटे ठरतील. कमळीचा, पाण्याचा, सगळे. धाकूने मनात म्हटलं, 'आई, आज मी मध्ये येत नाही. आज तूच बोल. तुझीच नात आहे ती, तू काय नाही म्हणशील?'

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने अगदी सारखं पाणी, अगदी सारखा दाब देऊन, बोटांच्या टोकांनी दोन पाकळ्या लावल्या. आणि हात मागे घेतला. इमानदारीने!

आता गाऱ्हाणं. कोकणात गाऱ्हाणं घालतात बघा, एकाने बोलायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं — व्हय म्हाराजा! चला, आपणही म्हणू! उगाच मीच काय घसा फोडू? मी खोत, तुम्ही गाव. अगदी ठेक्यात! पेटीवाले, सूर द्या.

हे आई कातळाई, बारा वाड्यांची राखणकरीण! — म्हणा!

व्हय म्हाराजा!

अहो, मागचे जेवले नाहीत की काय? जोरात! आज ही लेकरं तुझ्या पायाशी आली, तू जो शब्द देशील तो आम्हाला मान्य!

व्हय म्हाराजा!

वा! आता आलात सुरात! उजवा दिलास तर धाकूची लेक आत घेऊ — आणि डावा दिलास तर तिला आणि तिच्या पोरीला फेसाटीच्या बाहेरच ठेवू!

व्हय म्हाराजा!

... थांबते हं जरा. घोटभर पाणी पिते.

... बरं.

खिडकीतून वारा येत होता. डाव्या खांद्यावरून. डाव्या खांद्यावरचं पाणी आधी सुकलं. डावी पाकळी थरथरली, एका कडेने सुटली — आणि पडली.

धाकू नुसता बघत राहिला त्या पाकळीकडे. पांढरी, एवढीशी. नखाएवढी.

"देवी नाही म्हणाली," खोत म्हणाले.

आणि तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली! राही तिचं नाव. कमरेत वाकलेली, हातात काठी, आणि तोंड असं की खोतांचा कुत्रासुद्धा तिला वाट द्यायचा. म्हणाली, "नाही म्हणाली तर पुन्हा विचारा! कौल तीनदा लावतात. माझ्या आज्यापासूनची रीत हाय ही! एका पाकळीवर पोरीला उन्हात मारता काय रे?"

"राही, खाली बस," खोत म्हणाले. "बाहेर तुझं कोण आहे?"

"कुणी नाय! म्हणून तर बोलते!"

काय बोलली बघा! हात उचलावे आणि पाया पडावं अशी बाई! म्हणाली, "नाहीतर मला तांब्या द्या, मी देऊन येते पाणी. मी काय, आज नाही तर उद्या जाणारच हाय!" पण दोघांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. बाकीचे गप्प. काही जण तर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसले.

आणि धाकू? पुन्हा विचारायचा हक्क गुरवाला असतो, मंडळी. एक शब्द बोलला असता तर दुसरा कौल लागला असता. बोलला नाही. म्हणतील, बाप आहे म्हणून मागतो. नाकासमोर बघत उठला आणि चालायला लागला शिवेकडे.

आवडी कातळावर बसली होती. पदराची सावली पोरीवर धरून. बाप दिसला तशी उठली.

"काय म्हणाली आई?"

धाकू फेसाटीशी येऊन थांबला. "नाय म्हणाली."

मंडळी, तिने आकांत करायला हवा होता. बापाला शिव्या द्यायला हव्या होत्या. फेसाटी तुडवायला हवी होती! तिने काय केलं? मान हलवली. म्हणाली, "मग काहीतरी असेल तिच्या मनात. ती कशी चुकेल, आबा? उद्या पुन्हा विचाराल?"

"उद्या विचारतो."

"बरं. तुम्ही उन्हात उभे राहू नका."

धाकूच्या हाताला एक शहाळं लागलं वाटेच्या कडेला. राखणीचे गडी 'अरे, अरे' म्हणेस्तोवर त्याने फेकलं पलीकडे. तिच्या हातात द्यायला पाहिजे होतं, मंडळी. फेकायला लागलं. म्हाताऱ्याचे हात ते. आपटलं कातळावर, फुटलं. पाणी त्या तापल्या दगडावर पसरलं आणि बघता बघता नाहीसं झालं. आवडी धावली, गुडघ्यावर बसली, ओला कातळ हातांनी पुसून ओठांना लावलं. दुसरं शहाळं गड्यांनी उचलू दिलं नाही.

सूर्य कलेपर्यंत तिने दम धरला. मग अंगावर पिणारी पोर, दूध आटलेलं, पोर रडून रडून काळीनिळी. डबकं दहा पावलांवर. किती वेळ दम धरणार?

सकाळी धाकू गेला तेव्हा ती डबक्याच्या काठाशी पडली होती. एका रात्रीत पिळून टाकलेल्या फडक्यासारखी झालेली. डोळे खोल. पोर पदराखाली, जिवंत, ओठ हलवत.

धाकू कुणाला विचारत बसला नाही. फेसाटीत शिरला. अनवाणी, अंगात काटे घुसत होते तसा. राखणीच्या गड्यांनी दांडके उचलले नाहीत. एकाने तर तोंड फिरवलं. लेकीला एकट्याने अग्नी दिला आणि पोरीला घेऊन त्या मांगरात पंधरा दिवस राहिला. त्याच मांगरात, बरं का! जिथे आवडीला ठेवा म्हणत होता तिथेच! तेव्हा कुणी आलं नाही म्हणायला, की थांब, देवीला विचारू. दारात कुणीतरी दूध ठेवून जायचं. तांब्याभर पाणीही.

सोळाव्या दिवशी तो देवळात गेला. झाप अजून वरच होता. वारा येत होता. धाकू तिथेच उभा राहिला. मग त्याने दोन पाकळ्या लावल्या. सारखं पाणी, सारखा दाब. डावी पडली. पुन्हा लावल्या. डावी. पुन्हा. डावी! सात वेळा लावल्या, मंडळी, सातही वेळा डावी. मग त्याने झाप खाली ओढला आणि आठव्यांदा लावल्या. दोन्ही पाकळ्या राहिल्या चिकटून. कितीतरी वेळ. जणू त्यांना काही सांगायचंच नव्हतं.

तेव्हा तो ओरडला! "तू नाही म्हणालीस! माझ्या लेकीला तू नाही म्हणालीस!"

आणि देवी बोलली. धाकूने आवाज बारीक केला नव्हता. त्याचं तोंड मिटलेलं होतं. तरी बोलली.

म्हणाली, "मी कधी म्हणाले?"

"पाकळी पडली!"

"ती वाऱ्याने पडली. मला पाकळ्या पाडता येत नाहीत, धाकू. मी दगड आहे. तीस वर्षं बोलले ती तुझ्या अंगठ्याने बोलले. मला तरी दुसरं तोंड कुठाय?"

"मग त्या दिवशी का गप्प बसलीस?"

"तू अंगठा काढून घेतलास."

"लेकीचं काम होतं! लोक म्हणाले असते—"

"घाबरलास लोकांना. आणि नाव घेतलंस माझं."

धाकू खाली बसला. कपाळ दगडाला टेकलं. "मी एकटाच होतो काय गं तिथे? चाळीस माणसं होती!"

"होती ना," देवी म्हणाली. "ऐंशी अंगठे. एक तरी हलला असता तर ते माझंच बोलणं झालं असतं. मी वाट बघत होते."

त्यानंतर धाकूने कौल लावला नाही. लोक यायचे. तो म्हणायचा, "देवी काय म्हणते ते मला ठाऊक नाही. मी काय म्हणतो ते सांगू?" लोक माघारी जायचे! माणसाचं मत कुणाला पाहिजे असतं? माणसाचं ऐकलं तर उद्या चूक आपली होते. देवीचं ऐकलं की आपण सुटलो! खोतांनी दुसरा गुरव नेमला. धाकू तगरीखाली बसायचा, नातीला मांडीवर घेऊन.

इठी सात वर्षांची झाली. एक दिवस विचारलंच तिने. मुलं विचारतातच.

"आज्या, माझी आई कशाने मेली?"

धाकूने काही लपवलं नाही. पाकळ्या, झाप, अंगठा, शहाळं, सगळं सांगितलं. "कौल मी लावला, बाये. पुन्हा विचारलं नाही, तेही मीच."

पोर मांडीवरून उतरून त्याच्या समोर बसली. मग म्हणाली, "बाकीचे काय करत होते?"

"उभे होते."

"खोतांच्या घरची आजी? तो मला चिंचा देतो तो तात्या? सगळे?"

"सगळे."

"कुणीच काही बोललं नाही?"

धाकूने तिच्याकडे बघितलं. म्हणाला, "बोलली की! राही म्हातारी बोलली. खोतांसमोर उभी राहून बोलली."

"कुठे असते ती?"

"वारली गं. तू पाळण्यात होतीस तेव्हा."

इठी उठली. तगरीचं एक फूल तोडलं आणि देवळाच्या पायरीवर ठेवलं, राहीसाठी. मग पऱ्यावर गेली, ओंजळ भरली आणि पाणी प्याली. त्या गावचं पाणी, मंडळी. आणि पुढे जन्मभर रोज एक फूल त्या पायरीवर ठेवत राहिली.

तर मंडळी, आख्यान झालं. आता मघाचा प्रश्न. देव 'नाही' म्हणतो तेव्हा ते कुणाचं असतं? वाऱ्याचं! झाप वर करून विसरलेल्या माणसाचं! अंगठा काढून घेणाऱ्याचं! आणि पुढे...

पण थांबा. सुरुवातीला मी शपथ घेतली. शब्द न् शब्द खरा म्हणाले. या दोन दातांची शपथ घेतली, आणि ते मला अजून लागणार आहेत, म्हणून कबूल करते — एक गोष्ट यात रचलेली आहे.

पेटीवाले, तुम्हाला वाटलं देवी बोलली ते? छे! ते खरं. पोपट? पोपटही खरा!

राही नव्हती.

त्या देवळात राही नावाची कुणी म्हातारी नव्हती. कुणी उठलं नाही, कुणी तांब्या मागितला नाही. ती धाकूने रचली, तगरीखाली बसून, सात वर्षांच्या पोरीकडे बघता बघता. त्या पोरीला त्याच गावात जगायचं होतं, त्याच माणसांत, तेच पाणी पिऊन. चाळीसच्या चाळीस गप्प होते हे तिला कसं सांगायचं? त्याने तिच्यासाठी रचली. मी तुमच्यासाठी तशीच ठेवली. तुम्हालाही बरं वाटलं की नाही? राही उठली तेव्हा मी बघत होते तुमची तोंडं. प्रत्येकाला वाटत होतं — मी असतो तर राहीच झालो असतो!

मग मघाशी काय झालं?

मी म्हटलं, तिला आणि तिच्या पोरीला बाहेरच ठेवू — म्हणा! आणि तुम्ही म्हणालात, व्हय म्हाराजा! ठेक्यात! सुरात! मी काय बोलतेय ते कुणी ऐकलं का? आणि नंतर मी पाणी प्यायला थांबले होते. मला तहान नव्हती, मंडळी. हा बघा तांब्या, भरलेलाच आहे. मी वाट बघत होते. म्हटलं, एखादी तरी बाई उठेल. एखादं पोर म्हणेल, आजी, हे आम्ही नाही म्हणणार.

नाही, टाळ नका उचलू अजून. आरतीला वेळ आहे.

जरा असेच गप्प बसा. त्या देवळात बसले होते तसे.